दुपारी येणारं हृदय

आमच्या हॉस्पिटलात इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, खोली तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी आहे. खिडकीला काळा कागद लावलेला, आत एक पलंग, एक मशीन, जेलच्या बाटल्या आणि पुसायला जुन्या धोतराचे तुकडे. यवतमाळातल्या या खोलीत मी अकरा वर्षं काम करते आहे. माझं नाव नयन ढोले, इको टेक्निशियन. किती माणसांची हृदयं पाहिली ते मला सांगता येणार नाही, पण एक नक्की सांगते. माणूस मी विसरते, त्याचं हृदय विसरत नाही. नाव ऐकून काहीच आठवत नाही, मशीनचा प्रोब छातीवर ठेवला की मात्र लगेच कळतं, हे आपण आधी पाहिलंय. झडपेची ठेवण, मधल्या पडद्याचा बाक, भिंत हलायची ढब ज्याची त्याची वेगळी असते. सोबतचे लोक याला माझी बढाई समजतात. समजू देत.

दिवाळी झाली आणि काळबांडे सरांकडे त्या पट्ट्या आल्या. सर आमचे हृदयाचे डॉक्टर. एका कंपनीनं चाचणीसाठी चार पट्ट्या पाठवल्या होत्या. काडेपेटीएवढी मऊ पट्टी, छातीला चिकटवायची. तिच्यातून एक बारीक वायर कमरेच्या डबीत जाते. पट्टी दर दहा मिनिटांनी दहा सेकंद सोनोग्राफी करते आणि डबीतलं सिम ते चित्र आमच्या कॉम्प्युटरवर पाठवतं. ज्यांच्या हृदयाभोवती पाणी साचलंय, अशा पेशंटला वॉर्डात अडकवून ठेवण्यापेक्षा घरी पाठवायचं आणि पाणी चढतं की उतरतं ते इथं बसून पाहायचं, असा तो बेत.

पहिली पट्टी बेबीताईंना लावली. बेबीताई साठीच्या, कळंबच्या अलीकडे मेन रोडपासून दोन किलोमीटर आत त्यांचं गाव. थायरॉईडची गोळी त्यांनी परस्पर वर्षभर बंद केली होती, त्यातून हृदयाभोवती पाणी झालं. अकरा मिलिमीटर. काळजीचं, पण सुई टोचण्याएवढं नाही. गोळी पुन्हा सुरू करून पाणी आपसूक उतरायला हवं होतं.

"म्हंजे माह्या छातीतला टीव्ही तू अठी बसून पाहाशीन?" मी पट्टी चिकटवत होते तेव्हा त्या म्हणाल्या.

"हो काकू."

"पाय बाप्पा. माह्यावाल्या टीव्हीत काही खास नसते."

त्यांचे यजमान वामनराव दाराशी उभे होते. कमी बोलणारा माणूस. पट्टी दर दोन दिवसांनी काढून, पुसून पुन्हा कशी चिकटवायची ते मी त्यांना दोनदा दाखवलं आणि त्यांनी दोन्ही वेळा फक्त मान हलवली.

पाचव्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन कॉम्प्युटरपुढे बसले आणि बेबीताईंची आदल्या दिवसाची चित्रं ओळीनं पाहू लागले. पाणी अकरा, अकरा, दहा. ठोके मिनिटाला पंचाहत्तरच्या आसपास. दुपारी दोनपर्यंत सगळं सरळ होतं. दोन वाजून दहाच्या चित्रात दुसरंच हृदय होतं.

मी चहा खाली ठेवला.

बेबीताईंचं हृदय बसकं, थोडं जाड भिंतीचं, संथ चालणारं. हे लांबट होतं, तरुण माणसाचं असतं तसं, पातळ भिंतीचं, आणि मिनिटाला एकशे आठनं धावत होतं. भोवती सतरा मिलिमीटर पाणी, आणि त्या काळ्या पाण्यात पांढरे धागे हलत होते, सरकीतून सुटलेल्या कापसासारखे. क्षयाच्या पाण्यात असे धागे असतात. थायरॉईडच्या पाण्यात मी कधी पाहिलेले नाहीत. दोन वीस, दोन तीस, दोन चाळीस, तेच हृदय. दोन पन्नासला पुन्हा बेबीताई.

मागचे दिवस काढून पाहिले. पहिल्या दिवशी काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी होतं, दोन दहा ते दोन चाळीस, पाणी चौदा. तिसऱ्या दिवशी होतं, पाणी पंधरा.

मी वामनरावांना फोन लावला. "काका, दुपारी पट्टी काढून कोणाला लावता का? घरात कोणी गंमत म्हणून?"

"नाई."

"शेजारपाजारचं कोणी?"

"कोनी नाई. दुपारी ते बाहेरच बसते, अंगनात. मीच राह्यतो सोबत. काहून?"

"काही नाही. विचारलं सहज."

सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "कंपनीचा घोळ आहे. दुसऱ्या कुठल्या पेशंटचं मिसळतंय." मी कंपनीत फोन केला. तिथल्या इंजिनिअरनं तासाभरानं कळवलं की देशात सध्या चालू असलेली पट्टी एकच आहे, बेबीताईंची. बाकी तीन आमच्याच ड्रॉवरमध्ये आहेत का ते पाहा. मी पाहिलं. तिन्ही पाकिटं बंद होती.

सहाव्या दिवशी सरांना सांगून मी गावाला गेले. कळंबची बस फाट्यावर सोडते, तिथून वामनराव मोटारसायकलवर घ्यायला आले. दोन्हीकडे कापूस फुटलेला, बाया वेचत होत्या. घर पत्र्याचं, पुढे शेणानं सारवलेलं मोठं अंगण, एका कोपऱ्यात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या रचलेल्या, दुसऱ्या कोपऱ्यात सीताफळाचं झाड. बेबीताई पोत्यावर बसून सुपात हरभऱ्याचं बियाणं निवडत होत्या. वामनराव दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. मी बेबीताईंच्या समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, टॅब मांडीवर. डबीला टॅब जोडला की चित्र सलग दिसतं.

दोन वाजून आठ मिनिटं. बेबीताईंचं हृदय, पाणी दहा.

दोन वाजून नऊ.

मी पापणी लवू द्यायची नाही असं ठरवलं होतं, तरी बदल नेमका कसा झाला ते मला सांगता येत नाही. चित्र तुटलं नाही, हललं नाही. एका ठोक्याला बेबीताईंचं हृदय होतं आणि पुढच्या ठोक्याला ते दुसरं. धावणारं. पाणी वीस.

"काकू, काही होतंय का? धडधड? दम?"

"काईच नाई." त्यांनी एक किडका दाणा उचलून बाजूला टाकला.

मी पट्टी काढली. पिशवीतून हातातला छोटा प्रोब काढला, तो वेगळ्या कंपनीचा, वेगळ्या मशीनचा. जेल लावलं आणि बेबीताईंच्या छातीवर धरला. तेच हृदय. तेच धागे. एकशे चौदा ठोके. मग डाव्या हातानं मी त्यांची नाडी धरली. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजली. शहात्तर.

पुन्हा मोजली. शहात्तर.

म्हणजे मशीनचा घोळ नव्हता. मग कशाचा होता, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. मला एवढंच आठवतं की माझ्या उजव्या हाताखाली एक गती होती, डाव्या हाताखाली दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये बेबीताई माझ्याकडे पाहत होत्या.

"माह्यं नाई हाय न हे?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायचं मला सुचलं नाही. "नाही काकू."

"मंग कोनाचं हाय?"

"माहीत नाही."

त्यांनी सूप खाली ठेवलं. घाबरल्या नाहीत, किंवा तसं दिसलं नाही. "बरं हाय काय ते?"

"नाही. पाणी जास्त आहे. वाढतंय."

दोन वाजून पन्नास मिनिटांनी ते गेलं.

मला सोडायला आलेल्या वामनरावांनी मोटारसायकल फाट्यावर उभी केली आणि पहिल्यांदा स्वतःहून बोलले. "काढून टाका ते पट्टी. मले नाई पटून राह्यलं हे."

"पट्टी काढली तरी ते येतंय काका. आपल्याला दिसणार नाही इतकंच."

त्यावर त्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि मोटारसायकल वळवली.

त्यानंतरचे दिवस मी कामात होते की नव्हते, सांगता येत नाही. नातेवाइकांपैकी कुणाचं असेल असं वाटून नेरला दिलेल्या त्यांच्या मुलीला, सलोनीला, बोलावून तपासलं. ठणठणीत. वर्ध्याला, अमरावतीला ओळखीच्या टेक्निशियनना फोन केले. तरुण माणूस, क्षयाचं पाणी, धागे, नाडी एकशे वीसच्या वर, आलाय का कुणी? नव्हता आला. सरांनी मला खोलीत बोलावून म्हटलं, "नयन, आपला पेशंट बेबीताई आहे. तिचं पाणी उतरतंय. तेवढं पाहा."

"आणि हे?"

"हे काय आहे ते मला सांगता येत नाही. जे सांगता येत नाही त्यावर मी उपचार कसा करू?"

ते चिडून नाही बोलले. त्यांनाही ते चित्र पाहवत नव्हतं. पाणी पंचवीसवर गेलं होतं आणि हृदय त्यात झुलायला लागलं होतं. विहिरीत उतरलेली रिकामी बादली झुलते तसं.

इकडे बेबीताईंनी एक सुरू केलं. रोज दोनच्या आधी जेवण, भांडी उरकून त्या अंगणात जाऊन बसायच्या. त्या वेळात उठायच्या नाहीत, वजन उचलायच्या नाहीत, मोठ्यानं बोलायच्या नाहीत. वामनरावांनी मला फोनवर सांगितलं. मी बेबीताईंना विचारलं.

"कोनाचं तं लेकरू असन न व बाई," त्या म्हणाल्या. "अठी येते घडीभर. त्याले आराम भेटला पायजे."

"तुम्हाला कसं कळतं लेकरू आहे?"

"मले काय कळते? तूच म्हनली, जवान हाय."

अकराव्या दिवशी पाणी एकोणतीस झालं. सकाळी उठल्यापासून माझं मन लागत नव्हतं. आदल्या दिवशीच्या चित्रात उजवीकडची भिंत प्रत्येक ठोक्याला आत दबताना दिसली होती. याचा अर्थ पाणी आता हृदयाला भरू देत नाही. असा माणूस हॉस्पिटलात असेल तर आम्ही तासाभराच्या आत सुई टोचून पाणी काढतो. नाही काढलं तर तो जातो. मी सुट्टी टाकली आणि बस धरली.

अंगणात आम्ही तिघंच होतो. बेबीताई पोत्यावर, सूप पुढ्यात, पण हात थांबलेले. वामनराव चौकटीला टेकून. मी त्याच खुर्चीवर, टॅब मांडीवर. गावातली सगळी माणसं शेतात गेलेली. लांब कुठे तरी फवारणीच्या पंपाचा आवाज येत होता.

दोन दहाला ते आलं. एकशे बत्तीस.

मी टॅब बेबीताईंच्या दिशेनं वळवला नाही. त्यांनी मागितलाही नाही.

"कसं हाय?"

"बरं नाही काकू."

दोन वीस. भिंत दबत होती. उघडायला वेळच मिळत नव्हता.

दोन पंचवीस. एकशे अडतीस. त्या काळ्या पाण्यात हृदय एका कडेकडून दुसऱ्या कडेला जात होतं. मला काहीही करता येत नव्हतं. माझ्यासमोर बाई बसलेली, चेहऱ्यावर तजेला असलेली, श्वास सरळ चाललेला. टोचणार कुणाला?

दोन वाजून बत्तीस मिनिटांनी चित्रात डावीकडून, हृदयाच्या टोकाकडून, एक पांढरी रेघ आत आली.

मी अकरा वर्षं त्या रेघा पाहते आहे. ती सुई होती.

रेघ थांबली. थोडी मागे गेली, पुन्हा पुढे. मग तिच्या टोकातून पांढऱ्या बुडबुड्यांचा झोत सुटला आणि पाण्यात पसरला. सुई हृदयात शिरली नाही ना, पाण्यातच आहे ना, हे पाहायला डॉक्टर सलाईन घुसळून थोडं सोडतात. त्याचे ते बुडबुडे. कुणी तरी, कुठे तरी, आत्ता हे करत होतं.

बुडबुडे विरले. पुन्हा एक झोत सुटला. एकूण दोनदा.

मग पाणी उतरू लागलं.

एकोणतीस. चोवीस. एकोणीस. हृदयाचं झुलणं थांबलं. दबणारी भिंत एकदा पूर्ण उघडली. मग दर ठोक्याला उघडू लागली.

"काकू," मी म्हटलं, "कोणी तरी पाणी काढतंय."

बेबीताईंनी दोन्ही हात पट्टीवर ठेवले आणि डोळे मिटले. मी कुठल्या भीतीनं विचारलं माहीत नाही, "दुखतंय का?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. दोन पन्नासला स्क्रीनवर त्यांचं स्वतःचं हृदय आलं, तेव्हा त्या लहान मुलीसारख्या रडत होत्या. वामनराव आत गेले आणि साखरेची वाटी घेऊन आले. आम्ही तिघांनी चिमूट चिमूट साखर खाल्ली.

बेबीताईंच्या छातीवर, पोटावर, बरगड्यांच्या खाली मी नीट पाहिलं. सुईची खूण कुठेही नव्हती.

त्या दिवशी परत येऊन मी पुन्हा फोन लावले. यवतमाळ, वर्धा, अमरावती, नागपूर. दुपारी अडीचच्या सुमारास असं पाणी कुणीही काढलं नव्हतं. ते हृदय पुढचे तीन दिवस दुपारी आलं, शांत, पाणी चार-पाच मिलिमीटर. चौथ्या दिवशी नाही आलं. एकविसाव्या दिवशी मी बेबीताईंची पट्टी काढली. त्यांचंही पाणी उतरलं होतं. सगळी चित्रं मी एका फोल्डरमध्ये ठेवली, नाव काय द्यावं कळेना म्हणून नुसती तारीख घातली, आणि ते बंद केलं.

संक्रांत झाल्यावरची गोष्ट. बुधवार होता, दुपारचा एक वाजून गेला होता. कॅज्युअल्टीतून स्ट्रेचर थेट इकोच्या खोलीत आणलं. पेशंट इंद्रजित आडे, वय चौतीस, आर्णीच्या पलीकडे एका तांड्यावर राहणारा, मालवाहू गाडीचा ड्रायव्हर. आडवं होता येत नव्हतं, म्हणून बसवूनच आणलेला. मानेच्या शिरा फुगलेल्या, ओठ निळसर. सोबत त्याची बायको राखी, त्याची चप्पल हातात धरून.

"कधीपासून आहे हे?" मी जेल काढता काढता विचारलं.

"वीस-बावीस दिवस झाले, मॅडम," राखी म्हणाली. "पह्यले खोकला होता. मंग दम."

"दिवाळीनंतर कसा होता?"

"चांगला होतो मी," तो स्वतःच तुटक्या श्वासांतून म्हणाला. "कापूस घेऊन... आदिलाबादले गेलतो. काईच नव्हतं."

मी प्रोब ठेवला.

लांबट, पातळ भिंतीचं. एकशे बत्तीस ठोके. पाण्यात पांढरे धागे.

मी प्रोब उचलला, पुसला, पुन्हा ठेवला. पाण्याची जाडी मोजायची गरज नव्हती, तरी मोजली. एकोणतीस.

काळबांडे सर आले. त्यांनी स्क्रीन पाहिला. त्यांनी ते ओळखलं की नाही हे तेव्हा मला कळलं नाही. ते फक्त राखीला म्हणाले, "बाहेर थांबा जरा," आणि दार लावून घेतल्यावर मला म्हणाले, "धागे फार आहेत. खालून, छातीच्या हाडाखालून सुई घातली तर जाळ्यात अडकेल. नागपूरला पाठवू."

"सर, नागपूरपर्यंत राहील का तो?"

सर पुन्हा स्क्रीनकडे वळले.

मी कॉम्प्युटर उघडला. ते तारखेचं फोल्डर शोधलं. अकराव्या दिवसाचं चित्र लावलं आणि सरांच्या पुढे सरकवलं. "डावीकडून, सर. टोकाकडून. तिथं धागे नाहीत. हे पाहा."

सरांनी एकदा कॉम्प्युटरवर पाहिलं, एकदा मशीनवर. दोन्हीकडे एकच हृदय चालत होतं. सर घामेजलेले मी आधी कधी पाहिले नव्हते.

"हे कोणी काढलं होतं?" त्यांनी हळू विचारलं.

"तुम्हीच काढताय, सर."

हे मी का म्हटलं ते मला ठाऊक नाही. तोंडातून निघून गेलं.

तयारीला वेळ गेला. इंद्रजितला उशा लावून अर्धवट बसवलं, डावीकडे वळवलं, जागा बधिर केली. मी प्रोब धरला. सरांनी सुई उचलली. मी मशीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघणार नव्हते, पण बघितलं.

दोन बत्तीस.

पांढरी रेघ आत आली. थांबली. थोडी मागे, पुन्हा पुढे.

"सलाईन," सर म्हणाले. बुडबुड्यांचा झोत सुटला.

मी दुसऱ्या झोताची वाट पाहत होते.

"नीट दिसलं नाही," सर म्हणाले. "अजून एकदा."

पाणी काढता काढता सहाशे मिली निघालं, तांबूस-पिवळं. इंद्रजितनं मोठा श्वास घेतला, मग दुसरा. त्याचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा असा शांत होता की मी घाबरून नाडी पाहिली. लागत होती. पाच मिनिटांनी डोळे उघडून त्यानं पाणी मागितलं.

संध्याकाळी मी बेबीताईंना फोन केला. तो सापडला, वाचला, एवढंच सांगितलं. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

"भेटायचं का काकू? मी घेऊन जाईन."

"नाई व. पाहून काय करू? जिता हाय न, झालं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "त्याले म्हना, वजन नको उचलू."

इंद्रजित नऊ दिवस वॉर्डात होता. क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या, पाणी पुन्हा साचलं नाही. मी त्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? सरांनीही नाही. आम्ही दोघांनी एकमेकांत सुद्धा तो विषय काढला नाही. सरांनी एकदाच, जाता जाता, उरलेल्या तीन पट्ट्या कंपनीला परत पाठवायला सांगितल्या.

वॉर्डातून सुट्टी मिळाली त्या दिवशी शेवटचा इको करायला त्याला माझ्याकडे आणलं. सकाळचे अकरा वाजले होते. राखी रिक्षा पाहायला गेटवर गेली होती. सगळं छान होतं. मी जेल पुसून दिलं आणि तो शर्टाची बटणं लावत पलंगाच्या कडेवर बसला.

"मॅडम, एक बोलू काय? हसान तं नाई?"

"बोला ना."

"सुई टोचली न त्या दिवशी, तवा मी अठी नव्हतो."

"मग कुठं होते?"

"एका अंगनात." त्यानं खालच्या फरशीकडे पाहिलं. "शेनानं सारवलेलं. एक बाई सूप घेऊन बसली होती, डोये मिटून. दाराले टेकून एक म्हातारा उभा होता. अन् तुमी होत्या. खुर्चीवर. मांडीवर काईतरी धरून त्याच्यातच पाहून राह्यल्या होत्या. मले लय बरं वाटलं तठी. दम नाई, काई नाई."

मी खुर्चीचा हात धरला.

"अन् तुमचा तो माणूस," तो म्हणाला.

"कोण माणूस?"

"तुमच्या मांगं बसला होता तो. तुमच्या पाठीले कान लावून. मले वाटलं, डॉक्टरच हाय, तुमीच आनला असन सोबत."

बाहेरून राखीनं हाक मारली. रिक्षा मिळाली होती. इंद्रजित उठला, पिशवी उचलली, मग वजन उचलायचं नाही हे बहुतेक आठवून ती पुन्हा खाली ठेवली आणि राखीची वाट पाहत दारात थांबला.

"काय करत होता तो?" मी विचारलं.

"तुमचं काळीज ऐकून राह्यला होता. मन लावून. अन् दिवस मोजते तसं बोटावर मोजून राह्यला होता."

"किती मोजलं?"

इंद्रजितनं आपली बोटं पाहिली, जणू तिथं लिहिलेलं असावं.

"एक हात झालता," तो म्हणाला. "दुसरा सुरू होता."